दोघीजणी आणि जुन्या कागदांचा व्यापार

शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ ज्यांनी शाळकरी वयात वाचली, त्यांच्या मनात त्यातली ज्यो कायमची घर करून राहते. घरी पैशांची ओढाताण असते. न्यूयॉर्कमध्ये एकटी राहत असताना ज्यो एका चटकदार साप्ताहिकासाठी खून, सूड आणि भुताखेतांच्या गोष्टी लिहू लागते. त्यांवर स्वतःचं नाव घालत नाही, घरी कुणाला कळू देत नाही. पुढे तिथे भेटलेल्या प्राध्यापक भाएरला असं लेखन मुळीच पसंत नाही हे उमगल्यावर ती ते सगळे कागद चुलीत घालते.

ज्योची निर्माती लुइझा मे अल्कॉट हिनेही असं काही लिहिलं असणार, असा अभ्यासकांचा अंदाज होताच. तिच्या डायरीत आणि पत्रांत तशा खुणा होत्या. पण कोणत्या कथा, कुठे छापलेल्या, कोणत्या नावाने, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्यानेच उघडलेल्या हौटन ग्रंथालयात त्या नावाचा पत्ता लागला. तिथे दोन तरुण स्त्रिया बसल्या होत्या. त्यांतली मॅडेलिन स्टर्न न्यूयॉर्कच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि अल्कॉटचं चरित्र लिहायच्या तयारीत होती. दुसरी लिओना रोस्टेनबर्ग. ती जुन्या, दुर्मिळ पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे नोकरीला होती. शोध लागला तो या दुसरीला.

कॅरल विल्सन नावाचा एक वकील मोठा ग्रंथसंग्राहक होता. अल्कॉटचं टोपणनाव शोधून काढाच, असा लकडा त्याने दोघींमागे लावला होता. मॅडेलिन चरित्राची साधनं चाळत असताना लिओनाच्या हाती पाच पत्रं आली. बॉस्टनच्या ‘एलियट, थॉम्स अँड टॅलबट’ या प्रकाशनसंस्थेतल्या जेम्स एलियटने १८६५-६६ च्या सुमारास ती अल्कॉटला लिहिली होती. मजकूर निव्वळ व्यवहाराचा: आणखी कथा पाठवा, ए. एम. बर्नार्ड हे नाव वापरा किंवा हवं तर दुसरं एखादं पुरुषाचं नाव घ्या. वाचनकक्षातली शांतता त्या क्षणी लिओनानेच मोडली. तिचा आनंदाचा चीत्कार पुढे दोघींच्या आठवणींत कायमचा नोंदला गेला.

पत्रातलं नाव वाचणं सोपं होतं. त्या नावामागची प्रकाशनसंस्था कोण, तिचा बाजार कोणता, तिचं ‘द फ्लॅग ऑफ अवर युनियन’ हे साप्ताहिक आणि दहा सेंटांच्या कादंबरिका कुणासाठी निघत होत्या, हे उलगडायला छपाईच्या आणि विक्रीच्या धंद्याची नजर हवी होती. ती लिओनाकडे होती. तिने त्या संस्थेचा माग काढला आणि १९४३ मध्ये अमेरिकेच्या बिब्लिओग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून अल्कॉटच्या निनावी आणि टोपणनावाच्या थरारकथांची ओळख जगाला करून दिली. महायुद्ध ऐन भरात होतं आणि लेख विद्वानांच्या नियतकालिकात छापला होता. सामान्य वाचकांपर्यंत त्या कथा पोचायला आणखी बत्तीस वर्षं लागली. १९७५ मध्ये मॅडेलिनने संपादित केलेला ‘बिहाइंड अ मास्क’ हा संग्रह निघाला. शीर्षककथेतली जीन म्यूर एका खानदानी घरात कोवळी, निराधार शिक्षिका म्हणून येते. रात्री खोलीचं दार लावून घेते, केसांचा टोप उतरवते, खोटे दात काढून ठेवते आणि आरशात तिशीची, आयुष्याचे चटके खाल्लेली नटी दिसू लागते. कथेअखेर ती त्या घराण्यातल्या वयस्क सरदाराची बायको होऊन बसते. ‘चौघीजणी’च्या सात्त्विक लेखिकेने ही नायिका रंगवली होती आणि तिला शिक्षाही केली नव्हती. अल्कॉटकडे बघण्याची दृष्टी त्या एका संग्रहाने बदलली, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

हा माग अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये एका तरुण अमेरिकन अभ्यासकाने ई. एच. गूल्ड या नावाखाली आणि इतर नावांनी छापलेल्या काही कथा-कविता अल्कॉटच्याच असाव्यात, अशी मांडणी केली. पुरावा पुन्हा तसाच: जुनी साप्ताहिकं, नावांचे मेळ, आणि लेखिकेच्या स्वतःच्या यादीतलं एक शीर्षक.

लिओना जुन्या पुस्तकांच्या धंद्यात आली ती विद्यापीठाचं दार बंद झाल्यामुळे. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही डॉक्टरची मुलगी कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.साठी सोळाव्या शतकातल्या स्ट्रासबर्गच्या मुद्रकांचा अभ्यास करत होती. त्यासाठी ती स्ट्रासबर्गला जाऊन राहिली. मानवतावादी विद्या आणि धर्मसुधारणेची चळवळ पसरवण्यात मुद्रक-प्रकाशकांचा स्वतःचा वाटा होता, मजकूर निवडणारे आणि घडवणारे तेही होते, हा तिचा मुद्दा. मार्गदर्शकांना तो पटला नाही आणि प्रबंध नामंजूर झाला. पुढचा इतिहास तिच्या बाजूने आहे. १९५८ मध्ये फ्रान्समध्ये लुसियाँ फेव्र आणि आंरी-जाँ मार्तां यांचं ग्रंथाच्या उदयावरचं पुस्तक आलं. १९७९ मध्ये एलिझाबेथ आयझेनस्टाइनचा छापखान्याला युरोपीय बदलाचा कर्ता मानणारा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. आज ग्रंथेतिहास ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. लिओनाने तिशीच्या आत जे म्हटलं, ते म्हणायला विद्यापीठं नंतर तयार झाली.

मधल्या काळात पोट भरायला हवं होतं. १९३९ मध्ये ती हर्बर्ट राइख्नर या विक्रेत्याकडे लागली. राइख्नर व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियात त्याने श्टेफान झ्वाइगची पुस्तकं प्रकाशित केली होती आणि ग्रंथप्रेमींसाठी ‘फिलोबिब्लोन’ नावाचं नियतकालिक चालवलं होतं. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर तो निर्वासित होऊन न्यूयॉर्कला आला. माणूस तापट, कामाला कठोर. त्याच्याकडची पाच वर्षं लिओनाला सोपी गेली नाहीत, पण खरं विद्यापीठ तिला तिथेच मिळालं.

या धंद्याचं पहिलं काम म्हणजे पुस्तक मोजणं. जुन्या पुस्तकात पानांचे आकडे बेभरवशाचे असतात. ते चुकतात, गळतात, कधी नसतातच. म्हणून फर्मे, म्हणजे छापून दुमडलेले कागद, मोजायचे. छापलेला मोठा कागद एकदा दुमडला की फोलिओ, दोनदा दुमडला की क्वार्टो, तीनदा दुमडला की ऑक्टेव्हो. बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या काही पानांच्या पायथ्याशी ए, बी, सी अशी खूण छापलेली असते. ती खूण पाहत पाहत पानन्‌पान उलटायचं. कुठलं पान फाटलं, कुठलं दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलंय, नकाशा गळालाय का, शेवटचं कोरं पान आहे का, हे सगळं टिपायचं. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह बघायचं. पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या रद्दी कागदांकडेही लक्ष द्यायचं, कारण बांधणाऱ्याने भरण म्हणून वापरलेलं पान कधी कधी मूळ पुस्तकापेक्षा दुर्मिळ निघतं. मग संदर्भसूच्या उघडून त्या पुस्तकाच्या ज्ञात प्रती कुठे कुठे आहेत ते तपासायचं, आणि शेवटी कार्डावर चार-सहा ओळींची नोंद लिहायची. ती नोंद म्हणजे कॅटलॉग. हा सराव वर्षानुवर्षं झाला की हात पुस्तकाला लागताच काहीतरी कळतं. लिओना आणि मॅडेलिन त्याला बोटांच्या टोकांची जाण म्हणत आणि त्यासाठी एक लांबलचक जर्मन शब्द वापरत.

त्या दशकात जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी तपासाच्या या कलेने अख्ख्या ग्रंथजगताला हादरा दिला होता. लंडनचा थॉमस वाइज हा त्या काळातला सगळ्यात मान्यवर ग्रंथसंग्राहक आणि सूचिकार. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण विक्रेत्यांनी सिद्ध केलं की नामवंत कवींच्या नावावर विकल्या जाणाऱ्या कित्येक ‘पहिल्या आवृत्त्या’ बनावट आहेत. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची ‘रेडिंग, १८४७’ असं छापलेली पुस्तिका त्यांतली सर्वांत गाजलेली. कार्टर-पोलार्डनी कागदाचं रासायनिक पृथक्करण करून घेतलं. एस्पार्टो गवताचा कागद इंग्लंडमध्ये १८६१ च्या आसपास आला, रासायनिक लाकडी लगद्याचा त्याहूनही उशिरा. मग १८४७ च्या पुस्तिकेत तो कुठून येणार? टाइपातल्या अक्षरांचे आकारही नंतरच्या काळातले निघाले. सगळे पुरावे वाइजकडेच बोट दाखवत होते. कार्टर-पोलार्डच्या आरोपपत्रात त्याचं नाव घेऊन त्याला सरळ चोर म्हटलेलं नव्हतं; तशी गरजच नव्हती. मॅडेलिनला या तपासाचं इतकं आकर्षण होतं की १९५३ मध्ये तिने शेरलॉक होम्सच्या पुस्तकसंग्रहावर एक पुस्तिकाच लिहिली.

१९४४ मध्ये लिओनाने राइख्नरची नोकरी सोडली. मॅडेलिनने एक हजार डॉलर पुढे केले, आणि ब्राँक्समधल्या लिओनाच्या आईवडिलांच्या घरात ‘लिओना रोस्टेनबर्ग – रेअर बुक्स’ सुरू झालं. १९४५ पासून मॅडेलिन भागीदार झाली. दुकान म्हणजे घरातली खोली. गिऱ्हाईक टपालाने यायचं. पुढची जवळजवळ साठ वर्षं त्या एकत्र राहिल्या, एकत्र पुस्तकं शोधली, एकत्र लिहिलं.

भांडवल थोडं होतं, म्हणून गुटेनबर्गचं बायबल किंवा शेक्सपिअरचा पहिला फोलिओ असल्या वस्तूंच्या मागे त्यांना लागता येणार नव्हतं. त्यांनी छोटे कागद निवडले. पत्रकं, वादविवादाच्या चोपड्या, राजाज्ञा, बातमीपत्रं, धर्मपंथांची भांडणं, यूटोपियांचे आराखडे, स्त्रियांच्या शिक्षणाबद्दलचे निबंध. ज्याची छपाई घाईत झाली, जे वाचून फेकून द्यायचं होतं आणि म्हणूनच जे फारसं उरलं नाही, ते सगळं. एक सुटी चोपडी कुणी विकत घेत नसे. पण तिच्या लेखकाला, मुद्रकाला, तिला आलेल्या उत्तराला आणि त्या उत्तराच्या प्रत्युत्तराला शोधून एका माळेत गुंफलं की इतिहासाचा एक तुकडा उभा राहायचा. त्यांनी १५४७ ते १६५२ या फ्रान्सच्या शंभर वर्षांचा असाच संग्रह जमवून त्याचा कॅटलॉग काढला. त्यात धर्मयुद्धं आली, राजा चौथ्या आंरीचा खून आला, कार्डिनल रिशल्यू आला आणि कार्डिनल माझारँविरुद्ध पॅरिसमध्ये उसळलेला फ्राँदचा उठावही आला. या उठावाच्या काळात माझारँला शिव्या देणारी पाच हजारांच्या आसपास पत्रकं छापली गेली. पुलावर, बाजारात हातोहात खपणारा तो माल आज त्या उठावाचं सगळ्यात जिवंत साधन आहे.

१९४७ मध्ये दोघी पहिल्यांदा खरेदीसाठी युरोपला गेल्या. लंडन अजून ढिगाऱ्यांत होतं. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या बॉम्बनी सेंट पॉल कॅथीड्रलच्या शेजारची पॅटर्नॉस्टर रो ही प्रकाशकांची गल्ली जाळून टाकली होती. पन्नास लाखांच्या आसपास पुस्तकं त्या एका रात्रीत गेली. जी दुकानं उरली होती त्यांच्या तळघरांत मात्र धूळ खात पडलेला माल अमाप होता आणि गिऱ्हाईक कमी. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, चार डॉलर तीन सेंटांचा पौंड दोन डॉलर ऐंशी सेंटांवर आला, आणि डॉलर घेऊन येणाऱ्या अमेरिकन विक्रेत्यांचं काम आणखी सोपं झालं. त्याच सुमारास अमेरिकेतली विद्यापीठं झपाट्याने वाढत होती आणि त्यांच्या ग्रंथालयांना संशोधनाची मूळ साधनं हवी होती. युरोपातला जुना कागद अटलांटिक ओलांडून गेला तो या आर्थिक कारणांनी. युरोपीय वाचकाला याचं दुःख होणं स्वाभाविक आहे, आणि आपलेही जुने कागद परदेशी ग्रंथालयांत असल्यामुळे ते दुःख मराठी माणसाला समजण्याजोगं आहे.

पॅटर्नॉस्टर रोला लागूनच असलेल्या सेंट पॉलच्या आवारात तीनशे वर्षांपूर्वी जॉर्ज थॉमसन नावाचा पुस्तकविक्रेता दुकान चालवत होता. लिओनाचा सतराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकव्यापाराचा अभ्यास दांडगा होता, आणि त्या व्यापारातला हा माणूस विसरणं अशक्य आहे. १६४० मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंट आणि राजा यांच्यातला संघर्ष पेटला, तसा थॉमसनने ठरवलं की छापलं जाणारं प्रत्येक पत्रक गोळा करायचं. १६६१ पर्यंत त्याने सुमारे बावीस हजार पत्रकं, पुस्तिका आणि बातमीपत्रं जमवली. बऱ्याचशांवर मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली. त्या तारखांमुळे आज इतिहासकार त्या काळातल्या वादांचा क्रम दिवसागणिक लावू शकतात. यादवीत सैन्य जवळ आलं की तो पेट्या भरून संग्रह लंडनबाहेर हलवायचा. मिल्टनने मुद्रणस्वातंत्र्यावरची आपली ‘अॅरिओपॅजिटिका’ त्याला भेट दिली होती. खुद्द राजा पहिल्या चार्ल्सने एक पुस्तिका त्याच्याकडून मागवून घेतली. ती चिखलात पडली, आणि तो डाग कसा लागला हेही त्यावर नोंदलेलं आहे. पुढे तिसऱ्या जॉर्जने १७६२ मध्ये तीनशे पौंडांना हा संग्रह विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिला. बावीस हजार ऐवजांना तीनशे पौंड, म्हणजे पत्रकाला चार पेन्सही नाहीत.

मॅडेलिनचा ओढा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन विक्षिप्तांकडे होता. स्टीफन पर्ल अँड्र्यूज हा त्यांतला तिचा लाडका. गुलामगिरीविरोधी वकील, पिटमनचं शॉर्टहँड अमेरिकेत रुजवणारा माणूस (टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासात गेलेल्या मराठी पिढ्यांना पिटमन वेगळा सांगायला नको), लाँग आयलंडवर ‘मॉडर्न टाइम्स’ नावाची वसाहत काढणाऱ्यांपैकी एक, आणि ‘अल्वातो’ नावाच्या विश्वभाषेचा शोधक. स्वतःला तो ‘पँटार्क’ म्हणवायचा. त्याची पत्रकं ग्रंथालयांच्या कोपऱ्यांत पडून होती. मॅडेलिनने ती जमवली, आणि १९६८ मध्ये त्याचं चरित्र निघालं.

त्यानंतर आले फाउलर बंधू. डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या मस्तकसामुद्रिकाचा त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मोठा धंदा उभारला होता. प्लास्टरच्या मस्तकांनी भरलेलं दालन, मासिक, पुस्तकं, व्याख्यानं. ऑर्सन फाउलरने तर अष्टकोनी घरांचा प्रचारही केला. शास्त्र म्हणून त्यात काही अर्थ नव्हता. पण वॉल्ट व्हिटमनने १८४९ मध्ये लॉरेन्झो फाउलरकडून आपलं डोकं तपासून घेतलं होतं, आणि १८५५ मध्ये ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ स्वखर्चाने छापून झाल्यावर ते विकायला ठेवलं ते ‘फाउलर अँड वेल्स’च्या दुकानात. १८५६ ची दुसरी आवृत्ती याच संस्थेने काढली, फक्त पुस्तकावर आपलं नाव घातलं नाही. अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ कवितासंग्रहाची पाळंमुळं या मस्तकवाल्यांच्या हिशोबवह्यांत आहेत. मॅडेलिनने १९७१ मध्ये त्यांच्यावरही पुस्तक लिहिलं. भोंदू शास्त्राच्या चोपड्या कुणी जपून ठेवल्या नसत्या, तर व्हिटमनच्या चरित्रातला हा सांधा कायमचा निखळला असता.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाच्या मनात आपल्याकडचे कागद येणारच. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला. तिथे १५६१ मध्ये छापलेलं गास्पार द लियांव यांचं धार्मिक पुस्तक हे गोव्याच्या मुद्रणाचा आज उरलेला सर्वांत जुना नमुना मानलं जातं, आणि त्याची प्रत आहे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ सतराव्या शतकात तीनदा छापलं गेलं, १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागलेली नाही. मार्सडेन नावाच्या इंग्रज प्राच्यविद्या-अभ्यासकाने जमवलेल्या हस्तलिखितांत त्याची नागरी प्रत लंडनला टिकली. छापलेलं पुस्तक नाहीसं होतं आणि हाताने लिहिलेलं उरतं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकांचं सगळीकडे हेच होतं.

एकोणिसाव्या शतकाची स्थिती थोडी बरी. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारी नोंद सुरू झाली, आणि शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयं धुंडाळून ‘मराठी ग्रंथसूची’ उभी केली. १८०० ते १९३७ या काळाचा तिचा पहिला भाग १९४३ चा, म्हणजे लिओनाच्या अल्कॉटवरच्या लेखाच्याच वर्षाचा. एका माणसाने केलेलं एवढं मोठं काम दुसऱ्या भाषांतही क्वचित सापडेल. पण सूचीत पुस्तक नोंदलं गेलं म्हणजे प्रत हाताशी आली असं होत नाही. दोलामुद्रितांना, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातल्या पुस्तकांना, आता मान आहे, त्यांची प्रदर्शनं होतात. लावण्यांच्या चोपड्या, संगीत नाटकांची हँडबिलं, औषधांच्या जाहिराती, जातीपंचायतींच्या ठरावांची पत्रकं आणि बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी सुट्या चोपड्या मात्र अजून किलोच्या भावाने वजनकाट्यावर चढतात. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांचे वाचक लाखोंनी होते, आणि फिरत्या वाचनालयांत त्या प्रती पानं सुटेपर्यंत फिरल्या. रद्दीच्या गठ्ठ्यातून त्या बाजूला काढणारे विक्रेते आणि संग्राहक मुंबई-पुण्यात आहेत, आणि अभ्यासक त्यांच्याच दारात जातात. या चोपड्यांना हवा आहे तो कॅटलॉग: कुणी छापलं, कुठे छापलं, किती फर्मे, कुठल्या पुस्तिकेचं हे उत्तर आहे, हे लिहून ठेवणारी चार ओळींची नोंद. विद्यापीठांच्या मराठी विभागांना अशा नोंदी शिकवता येतील, आणि त्या शिकवल्या जायला हव्यात.

न्यूयॉर्कच्या त्या दोघींना मान मिळाला तो उतारवयात. अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. १९६० मध्ये न्यूयॉर्कला अशा पुस्तकांचा पहिला मेळा भरला, त्यामागे मॅडेलिनची धडपड होती. १९७२ ते १९७४ या काळात लिओना संघटनेची अध्यक्ष होती. १९७३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने तिच्या प्रकाशित संशोधनाच्या आधारे तिला अखेर पीएच.डी. दिली, तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. १५५१ ते १७०० या काळातल्या इंग्रजी प्रकाशन, मुद्रण आणि पुस्तकविक्रीवरचे तिचे दोन खंड १९६५ मध्येच निघाले होते आणि ते तिने दुकान सांभाळत लिहिले होते. १९९७ मध्ये ‘ओल्ड बुक्स, रेअर फ्रेंड्स’ या दोघींच्या संयुक्त आठवणी आल्या आणि त्यांचं नाव धंद्याबाहेरच्या वाचकांत पोचलं. लिओना २००५ मध्ये गेली, मॅडेलिन २००७ मध्ये. दोघींनीही पंचाण्णवी गाठली होती.

त्यांच्या कामाच्या पद्धतीचा सर्वांत उत्तम नमुना म्हणजे लिओनाचं १९८९ मधलं रॉबर्ट हूकच्या ग्रंथसंग्रहावरचं पुस्तक. हूक म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या जगाची चित्रं ‘मायक्रोग्राफिया’त काढणारा आणि न्यूटनशी आयुष्यभर भांडलेला शास्त्रज्ञ. तो १७०३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याची पुस्तकं लिलावात विकली गेली. तीन हजारांच्या आसपास पुस्तकं चहूकडे पांगली. मागे राहिली फक्त लिलावाची छापील यादी, बोली संपली की फेकून द्यायचा कागद. दुसरीकडे हूकची डायरी १९३५ मध्ये छापली गेली होती. तिच्यात तो कोणत्या दुकानात शिरला, मूरफील्ड्सच्या ठेल्यावरून काय उचललं, किती पैसे दिले, हे त्रोटकपणे लिहिलेलं आहे. ‘मायक्रोग्राफिया’चा प्रकाशक जॉन मार्टिन याचा लिओनाने आधीच अभ्यास केला होता, डायरीतली विक्रेत्यांची नावं तिला शेजाऱ्यांसारखी ओळखीची होती. तिने डायरी आणि यादी शेजारी ठेवल्या, आणि रॉयल सोसायटीचा हा कजाग, एकटा माणूस काय वाचत होता, कुठून घेत होता, कशावर पैसे उधळत होता, ते समोर मांडलं. अलीकडे विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकांनी त्याच लिलावयादीची संगणकीय नोंदवही तयार केली आहे, आणि निरनिराळ्या ग्रंथालयांत हूकची म्हणून ओळख पटणाऱ्या प्रती ते एकेक करून तिच्यात भरत आहेत.